पाहुणे आले की उघडतात

१२ ऑगस्ट

आज माझ्यावर घोर अन्याय झाला! पाणंद रस्त्याच्या बातमीतला माझा 'किंबहुना' उपसंपादकाने पुन्हा कापला. संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने खेड्यातून बातम्या पाठवायच्या, आणि एक 'किंबहुना'सुद्धा खपू नये? फोन केला तर म्हणतो, "काका, जागा नव्हती." शेजारी साबणाची जाहिरात मात्र ऐसपैस पसरली होती.

आमची पोरगी सपना शाळेतून आली ती दप्तरासकट मागच्या दारी पळाली. नववीत आहे आता. पाण्याची बाटली सकाळी दिली तशीच भरलेली. म्हटलं, "सपनाताई, निर्जल व्रत धरलंय का? कोणता देव प्रसन्न करायचाय?" एरवी टोला परत मारते. आज बाटली मोरीत रिकामी करून आत गेली.

१३ ऑगस्ट

चहा ओतता ओतता सपनाची आई म्हणाली, "पोरगी शाळेत पाणीच पीत न्हाई."

"काहून?"

"पेपरवाले तुमी. गावाच्या खबरा तुमाला, अन् घरातलं मी सांगू व्हय?"

मुलींच्या संडासाला कुलूप असतं. म्हणून शाळा सुटेपर्यंत घोटभरही पाणी नाही. पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडवते. मला आजवर 'पोट दुखतं' एवढंच कळत होतं. मी ओवा देत होतो!

१४ ऑगस्ट

मुख्याध्यापक भागवत सरांना गाठलं. माणूस वाईट नाही.

"प्रेमानंदभाऊ, उघडं ठेवलं तर दोन दिवसांत नाक धरायची पाळी येते. टाकीत पाणी न्हाई, साफ करायला माणूस न्हाई. तपासणीला पाहुणे आले की उघडतो. कसं ठेवलंय, बघा तरी!"

कुलूप काढून दाखवलं. खरंच लख्ख. फरशीवर पावलाचा डाग नाही. म्हटलं, "सर, गाभाऱ्यातसुद्धा याहून जास्त वर्दळ असते." ते हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू उतरलं.

२१ ऑगस्ट

कुलपाची माझी बातमी छापून आली. चार ओळी, निधनवार्तेखाली. कोणी काही विचारलं नाही.

२ सप्टेंबर

जिल्हा परिषदेच्या नव्या मोठ्या मॅडम सिद्धेश्वर धरणाकडे चालल्या होत्या. वाटेत न सांगता शाळेत उतरल्या. सरपंच शंकरसिंग नारळ घेऊन धावले, मागोमाग मी. मॅडमनी पहिलंच विचारलं — "बाथरूम कुठंय?"

किल्ली शिपायाकडे. शिपाई बाजारात!

"मॅडम, तवर चहा घ्या ना," शंकरसिंग म्हणाले.

"चहा घेऊन पुन्हा जायचं कुठं?" मॅडम उन्हात तशाच उभ्या. मग पोरींकडे वळल्या — "तुम्ही काय करता गं?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. एकच आवाज आला — "आमी पाणी पीत न्हाई, मॅडम." माझीच पोरगी!

मग हे काम कोणाचं, याची चौकशी. सर म्हणाले, पाणी ग्रामपंचायतीचं. ग्रामसेवक म्हणाले, पाण्याची मोटार इंजिनिअर साहेबांकडे. इंजिनिअर फोनवर म्हणाले, शाळेने मागितलंच नाही. मॅडमनी तिघांचं ऐकून घेतलं. "बरं. मग आजपासून हे माझं काम. दर सोमवारी फोन करीन. तिघांनाही."

शिपाई आला. त्याने कुलूप काढलं आणि मॅडम ते कुलूपच गाडीत घालून घेऊन गेल्या!

२० सप्टेंबर

टाकीत पाणी चढलं. ब्लीचिंग पावडर पडते. साफसफाईला जनकाबाई लागल्या. सोमवारचा फोन चुकत नाही — भागवत सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसतात म्हणे.

जेवताना सपनाने मुद्दाम सांगितलं, "पप्पा, आज मधल्या सुट्टीत पाणी पेले. पोटभर!" बक्षीस मिळाल्यासारखं तोंड.

११ डिसेंबर

मॅडमची बदली. निरोपाचं मानपत्र लिहायचा मान मला. 'कर्तव्यपरायणा' घातलं, 'भगीरथ प्रयत्न' घातले. शंकरसिंग म्हणाले, "भाऊ, मराठीत लिवा की!" सगळे हसले. मॅडमही. जुन्या मोटारीच्या जागी नवी कधी येणार, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

८ जानेवारी

मोटार जळून दोन आठवडे झाले. ग्रामसेवक म्हणतात, "वरून काही आलं न्हाई." जनकाबाईंना घरी बसवलं. जिल्हा परिषदेत मॅडमच्या जागी आलेल्या साहेबांना भेटलो. सभ्य माणूस, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "प्रस्ताव पाठवा."

भागवत सरांनी नवं कुलूप आणलंय. "मी काय करू, प्रेमानंदभाऊ? मॅडम असत्या तर एक फोन…"

तीच टाकी, तेच गाव, तीच माणसं. आळशी तेव्हाही होती, भली आताही आहेत. फक्त वरून विचारणारं कोणी उरलं नाही. एवढ्यावर का उभं होतं सगळं?

१९ जानेवारी

सपनाला थंडी वाजून ताप. कंबर धरून रडते. हिंगोलीला दवाखान्यात ठेवलंय. लघवीतला संसर्ग वर किडनीपर्यंत गेला म्हणतात. डॉक्टर माझ्यावर ओरडले — "पोरीला पाणी पाजत नाही का घरी?"



२६ जानेवारी

सपना घरी आलीये, झोपून असते. मी एकटाच झेंडावंदनाला गेलो. पाहुणे होते, म्हणून संडास उघडलेला. पाणीही बादल्यांनी भरून ठेवलेलं. पोरींनी केवढी रांग लावली! भाषणं संपेस्तोवर रांग हलत होती. पाहुण्यांची गाडी वळली आणि शिपाई किल्ली घेऊन आला. रांगेत अजून पोरी होत्या.

४ फेब्रुवारी

सपना उठून बसली. म्हणाली, "पप्पा, मला न्हाई जायचं शाळेत. दहावीचा बाहेरून फॉर्म भरा."

मी 'नाही' म्हणणार होतो. त्याआधीच हायसं वाटून गेलं — चला, घरी पाणी तरी पिईल. मॅडमसारखं कोणी पुन्हा येईल, न येईल. मला भीती वाटते ती या हायसं वाटण्याची. अजून मी तिला 'नाही' म्हटलेलं नाही.