मुलीला हायस्कूलला सोडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

२ जून
लेकीची प्राथमिक शाळा संपली. आता हायस्कूल. तीन मजले, तासातासाला नवे शिक्षक, अंगावर येणारी मोठी पोरं. बायको म्हणते, ती घाबरली आहे. घाबरणारच. पण घाबरलेल्या माणसाला चालतं करणं हाच तर माझा धंदा. ड्रायव्हिंग स्कूल काढलंय मी, चेष्टा नाही. संकल्प: यंदा लेकीची जबाबदारी पूर्ण माझी, बायकोने मध्ये पडायचं नाही. तिला तसं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. म्हणजे पटलं असावं.

९ जून
सराव सुरू. सुट्टीत रिकाम्या हायस्कूलला चकरा मारल्या. फाटक, ऑफिस, जिना, बाथरूम, सगळं तोंडपाठ करून घेतलं. लेक म्हणाली, तिला जुन्या मैत्रिणीबरोबर स्कूलबसने जायचंय. म्हटलं, दोघी मिळून दुप्पट घाबराल. तिने मान हलवली. आडवी की उभी ते पाहिलं नाही, आरसा नीट करत होतो.

१६ जून
पहिला दिवस. गाडी अर्थात ट्रेनिंगचीच. टपावर बोर्ड, पुढे-मागे लाल एल. चालवायला सकाळच्या बॅचच्या बँकवाल्या बाई. एका पेट्रोलात दोन कामं. ऐन फाटकासमोर बाईंनी गाडी बंद पाडली. चालू केली, पुन्हा बंद. मागे स्कूलबसचे हॉर्न. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वेळी नव्या मुलाचं एवढं स्वागत कुणी करत नसे. मी काच खाली करून सगळ्यांना हात केला. लेक मला बाय करायला विसरली. उत्साह, दुसरं काय.

२४ जून
लेकीला टोपणनाव मिळालं. आम्ही पोचलो की पोरं फाटकातून ‘एल-बोर्ड, एल-बोर्ड’ अशा हाका मारतात. इतक्यात एवढी ओळख! बायकोला सांगितलं तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. काही लोकांना कौतुक पचत नाही.

२ जुलै
लेक म्हणते, कोपऱ्यावर उतरव, पुढे चालत जाते. साफ नाही म्हणालो. शेवटच्या वळणावरच माणूस कच खातो, हा माझा अनुभव. थोडा आवाज चढला. उद्यापासून ओरडायचं नाही.

३ जुलै
ओरडलो. बूट घालायला किती वेळ लावावा! गाडीत पुन्हा ओरडलो. बँकवाल्या बाईंनी दुपारी फोन करून क्लास बंद केला. कारण सांगितलं नाही. बदली झाली असणार.

२१ जुलै
लेक घरी धड जेवत नाही. डबा मात्र चाटूनपुसून रिकामा, तेव्हा काळजी नाही. विचारलं, वर्गात काय चाललंय? अपूर्णांक म्हणाली. गेल्या आठवड्यातही अपूर्णांकच होते. पाया पक्का करून घेतात. शाळा चांगली मिळाली.

६ ऑगस्ट
वर्गशिक्षिकेचा फोन. म्हणे, मुलगी जुलैच्या मध्यापासून वर्गात नाही. मी म्हटलं, अहो, मी स्वतः रोज फाटकात सोडतो, तुमची हजेरी तपासा आधी. चांगलं सुनावलं. नंतर गाडीत बसून राहिलो. शिकायला आलेल्या काकांनी दोनदा विचारलं, निघायचं ना?

७ ऑगस्ट
लेकीला सोडून मागच्या गल्लीत थांबलो. मागच्या फाटकाने ती बाहेर आली. मान खाली, भरभर चालत. थेट तिच्या जुन्या शाळेत गेली. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींशेजारी पायरीवर बसली आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला.

मी पुढे झालो तशी ती उठून आत गेली. मावशींनीच इथल्या हेडबाईंच्या कानावर घातलं होतं, त्यांनी हायस्कूलला कळवलं, म्हणून कालचा फोन आला. मावशी म्हणाल्या, हायस्कूलमधली पोरं तिच्या पाठीवर एल लिहिलेले कागद चिकटवायची. मधल्या सुट्टीत ‘गाडी बंद पडली’ म्हणत जिन्यात धक्के मारायची.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं तिने?

मावशी म्हणाल्या, “मीपण म्हटलं, बाबांना सांग. तर म्हणते, बाबा रोज बघतात, त्यांना आवडतं ते.”

८ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. पद्धत बरोबर आहे, बोर्ड फार मोठा आहे. संकल्प: लहान बोर्ड करून घेणे. बायकोला सांगितलं. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. काय बोलली ते लिहीत नाही. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

१७ ऑगस्ट
लेक आता मेहुणीकडे राहणार. तिथल्या शाळेत नाव घातलं. मायलेकींनी ठरवलं, मला शेवटी कळलं. गाडीने सोडतो म्हणालो. बायको नको म्हणाली, बसनेच निघाल्या. स्टँडवर मी बॅग वर चढवून दिली. नव्या शाळेत कसं वागायचं यावर बरंच सांगायचं ठरवलं होतं, त्यातलं काही तोंडातून निघेना.

लेक खिडकीत होती. म्हणाली, “बाबा, पोचल्यावर मी करीन फोन. तू नको करूस.”

बरं म्हणालो.

दुपारपर्यंत पोचायला हव्या होत्या. संध्याकाळचे दोन्ही क्लास घेतले. फोन आलेला नाही.