सत्तावीस नंबरचा तुकडा

प्रिय धाकट्या,

विमान झालं का, म्हणून तू तुरुंगातून लिहिलेल्या आधीच्या तिन्ही पत्रांत विचारलंस आणि तिन्ही वेळा मी भलतंच काहीतरी लिहून वेळ मारून नेली. झालं आहे. महिना झाला त्याला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलंय. आई रोज विचारते, हे किती दिवस इथे पसरून ठेवणार आहेस? तिची तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. तुझी बायको दर रविवारी पोरीला घेऊन येते, आईशी बोलते, माझ्याशी कामापुरतं. तिचं काही चुकत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तू तो खोका माझ्या हातात दिलास. म्हणालास, दादा, मी येईपर्यंत हे लढाऊ विमान जोडून ठेव, तुझ्यासारखं नीटनेटकं मला कुठे जमतंय. दीड वर्ष मी खोक्याला हात लावला नाही. मग एका रविवारी दुपारी उघडला. राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यात नखाएवढे तुकडे, प्रत्येकाला नंबर, आणि कोणता कधी चिकटवायचा त्याचा लांबलचक कागद. म्हटलं, हे तर आपलंच काम. लिफ्टची दुरुस्ती काय नि विमान काय, कागदाबरहुकूम जायचं.

दोन महिने खपलो. आतल्या खुर्चीला रंग दिला, पट्टे रंगवले, पायलटच्या मिशाही काढल्या. मग दोन्ही बाजू चिकटवल्या, पंख लावले, पाण्यात भिजवून खुणांचे स्टिकर बसवले. तुला दाखवावंसं वाटलं, खरंच. आणि रिकाम्या चौकटी फेकायला गोळा केल्या, तर एकीत एक तुकडा तसाच लोंबकळत होता. सत्तावीस नंबर. पायलटच्या हातातला दांडा. तो दोन्ही बाजू चिकटवायच्या आधी आत बसवायचा असतो. आता विमान फोडल्याशिवाय बसायचा नाही.

पहिल्यांदा काय डोक्यात आलं सांगू? कंपनीने एक जादा दिलाय. मग वाटलं, आईने काहीतरी उचकलं असेल. तिला तर मी विचारलंही, जरा चढ्या आवाजात. मग कागद काढला. सत्तावीसच्या पुढे बरोबरची खूण होती. माझ्याच हातची, ठसठशीत.

आणि लख्ख आठवलं. गोंदाच्या बोटांनी कागद खराब व्हायला नको म्हणून रोज बसायच्या आधी त्या दिवसाच्या सगळ्या खुणा मी आधीच करून टाकत होतो. ही खोड मला विमानाने लावलेली नाही, धाकट्या. कामावर मी तेच करायचो. वर लिफ्टच्या मशीनपाशी गेलं की हात तेलकट होतात, म्हणून खाली चहा पितापिताच कामांच्या अख्ख्या तक्त्यावर खुणा. वीस वर्षं. कधी काही राहिलं नाही, म्हणून त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

त्या दिवशी ब्रेकची पिन बसवायचं काम माझं होतं. माझ्यानंतर तू ग्रीस लावायला वर गेलास. दोन दिवसांनी ब्रेक सुटला आणि चौथ्या मजल्यावरची शिलाईवाली बाई लिफ्टमधून बाहेर पडता पडता चिरडली. पिन जागेवर नव्हती, तक्त्यावर मात्र तिच्यापुढे माझी खूण होती. मी कोर्टात छाती ठोकून सांगितलं, काम झाल्याशिवाय मी खूण करत नाही. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंही नाही. मग पिन काढणारा तूच उरलास. आता इतके दिवस आठवून बघतोय. पिन हातात घेतल्याचं आठवत नाही, ठोकल्याचं आठवत नाही. आठवते ती फक्त खूण. महिनाभर हे कुणाला सांगितलं नाही. भ्यालो होतो, दुसरं काय.

तुझं परवाचं पत्र आलं नसतं तर अजूनही गप्प बसलो असतो, इतका मी वाईट आहे. तू लिहिलंयस, दादा, आता मलाही आठवायला लागलंय, ग्रीस लावताना मीच पिन काढली असणार, कारण तू काही चुकायचा नाहीस. ते वाचून मला टेबलाशी बसवेना. धाकट्या, हे तुझं आठवणं नाही, माझी साक्ष आहे ती. काल मी वकिलाकडे जाऊन सगळं लिहून सही केली, नक्कल सोबत आहे. सोमवारी कोर्टात देणार. त्याचं पुढे काय होईल ते होवो, मला माफ कर असंही म्हणत नाही. पहिल्या दिवशी तू सगळ्यांना सांगितलं होतंस की मी फक्त ग्रीस लावलं, पिनेला माझा हातही लागला नाही. तेच खरं होतं.

तुझाच,
दादा