कपाट रिकामं ठेव

बासर,
दि. ९ फेब्रुवारी १९९२

प्रिय खुशालदादा,

सप्रेम जयभीम.

पाकिटावर बासरचा शिक्का पाहून चमकला असशील. हो, मी सिकंदराबादला नाही. रेल्वेतून रजा काढून इथे आले आहे. रेणुकाबाईंकडे खोली मिळाली, जेवणही त्यांच्याच हातचं. बाहेर सरस्वतीच्या देवळाशी पोरांना पहिलं अक्षर गिरवायला घेऊन आलेल्या आईबापांची गर्दी, सकाळपासून नुसती रडारड. माझी तब्येत ठीक. गुडघाही ठीक आहे, वहिनीला सांग.

तू पाठवलेली पत्रिका मिळाली. कागद झकास वापरलास. 'तामसीची धावकन्या भागीरथा हिचा निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार.' रविवारी सकाळी, विहारासमोर, मंडळाचे महसूल अधिकारी एम.आर.ओ. साहेब यांच्या हस्ते शाल आणि पुष्पहार. सगळं छापलंस, फक्त एक सांग. निवृत्त कोण झालं?

मला विचारलंस का? शाल पांघरून खुर्चीत बसायला मी काय रिटायर झालेली हेडमास्तरीण आहे? एकोणतीस वर्षांची आहे मी. मॅरेथॉन पळणाऱ्या बाईला अक्कल येते तीच मुळी तिशीत.

'मान आहे तोवर उतरावं,' असं तू लिहिलंस. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत मी सातवी आले ते तुला कळलं तर. लागोपाठ दोन वर्षं पहिली आलेली बाई सातवी! मी स्वतः कळवलं नाही, खरं आहे. लाज वाटली. बासरला आले तीही तोंड लपवायला, इथे ओळखीचं कोणी भेटणार नाही म्हणून. सुरुवातीला तर खोलीबाहेरसुद्धा पडले नाही.

आणि शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायला तू माझे पळायचे बूट मागितलेस, ते मी पाठवणारच होते. काल कापडात शिवले, तुझा पत्ता घातला आणि पोस्टात नेले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "काय हाय यात?"

"बूट."

"नवे?"

"नाई."

"मंग पुराने बूट कोन पार्सल करते वो बाई? फेकून द्या ना!"

असं डोकं फिरलं म्हणून सांगू! पार्सल ओढून घेतलं, बाहेर पायरीवर बसून दातांनी टाके तोडले आणि तिथेच बूट घातले. अंगात सलवार-कमीज, रस्त्यात ही गर्दी. ओढणी कमरेला बांधली आणि गोदावरीच्या पुलापर्यंत पळत जाऊन पळतच परत आले. दारात रेणुकाबाई उभ्या.

"काऊन पयते वं? कोनी मांगं लागलं काय?"

"माहा भाऊ लागला," म्हटलं, "शाल घेऊन."

त्या पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. मला तुझा फार राग आला होता, दादा, आणि त्या रागातच रडूही येत होतं.

आदिलाबादच्या रस्त्यावर मी पळायची आणि तू शेजारी सायकलवर असायचास, आठवतं? आबा लोकांच्या शेतात राबायचे, आणि त्यांची पोर मान वर करून भर रस्त्यानं पळते हे गावाला खुपायचं. बसथांब्यावर नागोराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मास्तर, पोरीले काऊन पयवून राह्यला? इच्यासंग लगन कोन करन?" तू सायकलवरून उतरलाही नाहीस. "मी कुठी पयवतो? ती पयते तिच्या मनानं. मी तं निस्ती सायकल चालवतो."

मला पळवणारा तू कधीच नव्हतास. मग थांबवणारा कुठून झालास?

तुझी माया मला कळत नाही असं नाही. मला हरताना तुला बघवत नाही. पण माझं मला बघवतं. मी आणखी हरेन, सातवी काय नि सतरावी काय, यायची ती येईन. ज्या दिवशी पाय नको म्हणतील त्या दिवशी थांबेन. पत्रिका छापली म्हणून थांबणार नाही.

रविवारी येते. पण बसमधून आदिलाबादलाच उतरणार आहे, पुढे तामसीपर्यंत मी आणि रस्ता. सायकलीत हवा भरून सकाळी बसस्टँडवर ये. एम.आर.ओ. साहेबांना थोडं थांबावं लागेल, थांबू देत. नागोरावांना पुढच्या रांगेत बसव. शाल आणलीच आहेस तर राहू दे, घाम पुसायला होईल.

कपाट मात्र रिकामं ठेव. बूट माझ्या पायात आहेत.

वहिनीला जयभीम, पोरांना पापे.

सायकल आली नाही तरी येणारी,
तुझी भागी