मामांचा दोर

शनिवार, संध्याकाळ

दोराचा दुसरा फेरा आवळायच्या आत मी मामांचा हात धरला. उद्याच्या ट्रायथलॉन शर्यतीसाठी माझी सायकल गाडीच्या टपावर चढवली होती. मामांनी जन्मभर जाफराबादच्या जीपवर माल बांधलेला.

"पोरी, माझं एक पोतं पडलं न्हाई आजवर."

"हे पोतं नाही, मामा. कार्बनची पोकळ नळी आहे. आवळली की तडकते."

"मंग असली नाजूक घेतली कशाला?"

चाकं काढून फ्रेम मागच्या सीटवर गोधडीत ठेवली. दोराखालची जागा पुन्हा चाचपली. तडा नाही. मामा अर्ध्या जेवणावरून उठले. मी फार तोडून बोलले का? दोर मात्र त्यांनी नीट गुंडाळून ठेवला.

रविवार. निघताना मामा आधीच मागे बसले होते, फ्रेम मांडीवर घेऊन. दोर घरीच होता. म्हणाले, "खड्डे बघून चालव."