अकराशे चाळीस सायटेशन्सची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त संशोधिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो मी दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले एक भाच्याने चोरून वाचले असावे, असा मला संशय आहे.

१. राहता फ्लॅट धाकट्या बहिणीला द्यावा. तिचा मुलगा, म्हणजे वरील भाचा, "मावशी, तब्येत काय म्हणतेय?" असे विचारता विचारता बैठकीच्या खोलीत पावले मोजतो. सबब, बहीण हयात असेपर्यंत फ्लॅट विकता येणार नाही.

२. सूक्ष्मदर्शक आमच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांना द्यावा. तीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही वस्तूला हात लावला नाही, तरी मी रोज जाताना कपाटाला चिकटपट्टी लावत असे. त्यांना ते ठाऊक होते. कधी चकार शब्द काढला नाही.

३. माझे शोधनिबंध अठ्ठ्याऐंशी. त्यांची सायटेशन्स, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखांत दिलेले त्यांचे दाखले, एकवीसशे. पैकी अकराशे चाळीस एकट्या एका निबंधाची. दर सोमवारी मी तो आकडा पाहते. निम्म्यांनी तरी निबंध उघडलाही नसावा, नाहीतर मी केव्हाच पकडली गेले असते.

त्यात मी लिहिले की, एक रसायन मूत्रपिंडाच्या पेशींना वाचवते. प्राध्यापकपद आणि पुरस्कार त्यावरच मिळाले. पण ते रसायन पेशींना मारते.

त्या काळी मी नळ्यांच्या फक्त टोपणांवर लिहीत असे. रसायनाची आणि बिनरसायनाची अशा दोन नळ्या एकदम उघडल्या की टोपणांची अदलाबदल होते, म्हणून नळीच्या अंगावरही लिहावे, हे मी विद्यार्थ्यांना डोळे वटारून सांगत असे. स्वतः घाईत असे.

माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला सगळे 'भिंग' म्हणत. तिने माझी जुनी वही वाचली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण नळ्यांवर काहीच लिहिलं नव्हतं. टोपणं बदलली असतील तर?"

"तुला कोणी पाठवलं?" मी विचारले.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ती प्रतिस्पर्ध्यांना फितूर झाली असे धरून मी तिच्या प्रबंधावर सही केली नाही. आज ती एका तपासणी केंद्रात लोकांचे रक्त काढते. तीन संशोधकांना माझ्या उलट निष्कर्ष मिळाले. त्यांचे निबंध परीक्षक म्हणून माझ्याकडेच आले आणि मत्सर समजून मी ते नाकारले. पुढे एका रविवारी, एकटीने, नळ्यांच्या अंगावर लिहून प्रयोग पुन्हा केला. तिन्ही खेपांना पेशी मेल्या. त्याला नऊ वर्षे झाली. मला लाज वाटते.

निबंध मागे घेण्याचे पत्र तयार आहे. ते माझ्या मृत्यूनंतर नियतकालिकाला पाठवावे. बँकेतील सर्व ठेवी भिंगला द्याव्यात.

४. आज सकाळी वाढवलेले कलम. भिंगला निरोप धाडला आणि ती तासाभरात हजर झाली. ठेवींची बातमी वकिलांनी फोडली असणार, असे मला वाटले. तिने वरचे कलम उभ्याउभ्याच वाचले.

"मॅडम, तुम्ही अजून वीस वर्षं जगलात तर?"

तिने टेबलाशी बसलेल्या वकिलांना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का हो?"

"नाही. सही केलीत की तुमचा वाटा गेला."

"मग पेन द्या. आणि मॅडम, पत्र आजच जाऊ दे."

यात तिचा काय डाव असेल, याचा मी अर्धा तास विचार केला. एकही सापडला नाही. पत्र अकरा वाजून दहा मिनिटांनी तिच्यासमोर पाठवले. ठेवी आता त्या तीन संशोधकांत सारख्या वाटाव्यात.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: ४ मार्च
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: (सही) शेजारच्या दंतवैद्य
साक्षीदार २: (सही) माझी विद्यार्थिनी. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.