शनिवारी मी भजनाला जाते

६ जानेवारी २०२५, सोमवार

— आणि त्या सकाळीही मी नेहमीचंच सगळं केलं होतं. दूध तापवलं. ह्यांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला. बाल्कनीतली वाळू पुसली, अबुधाबीत वारा सुटला की रोज पुसावी लागायची. मेथी निवडायला घेतली. मग चहा घेऊन आत गेले, तर हे उठले नाहीत. शर्ट रात्रीपर्यंत खुर्चीवर तसाच. येत्या मार्चमध्ये ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी इथे, दुसऱ्या शहरात, मुलाकडे. आज ओवीचा पेला विसळताना सगळं ओळीने आठवलं. का, कोण जाणे.

ओवी आज परत रडली. तिला काहीतरी हवं होतं. पाणी दिलं. नको. बिस्किट, बाहुली, नको! शेवटी जमिनीवर लोळली. मी नुसती उभी. सून नीव शाळेतून आली, दोन शब्द ऐकले आणि ओवीचे पायमोजे काढले. टोचत होते म्हणे. एवढंच!

साडेतीन वर्षांची नात, आणि तिचे पायमोजे टोचतात हे मला कळू नये.

८ जानेवारी

नीव आयर्लंडची. इथे शाळेत शिकवते. तिच्या गावात घरोघरी आयरिश बोलतात, इंग्रजी नंतर. ओवी झाली तेव्हा ठरलं होतं — नीवने आयरिश बोलायचं, तन्मयने मराठी. नीवने पाळलं. आमचे चिरंजीव रात्री आठला येतात आणि लेकीला म्हणतात, ‘हाय बेबी, व्हॉट्स अप?’ अबुधाबीत वाढलेला मुलगा, मीच कुठे त्याला दोष देऊ.

माझं मराठी ओवीला कळतं. उत्तर मात्र आयरिशमध्ये. मी दोनदा ‘काय गं?’ म्हटलं की कंटाळून निघून जाते.

ठरवलं. शिकायचं. मी सातवी पास. इंग्रजी वाचायला शिकले ती बिस्किटांच्या पुड्यांवरून आणि ह्यांच्या पेपरातून. कोणी शिकवलं नव्हतं. हेही जमेल. ओवीच्या चौथ्या वाढदिवसापर्यंत, कोणाला न सांगता.

९ जानेवारी

तिची चित्रांची पुस्तकं काढून बसले. अक्षरं इंग्रजी, पण लिहितात एक आणि नीव वाचते भलतंच. नाही जमलं.

१३ जानेवारी

आज तीन ठिकाणी फोन केले. एका क्लासवाल्या मुलीने विचारलं, ‘आंटी, आयरिश मतलब इंग्लिश ही ना?’ म्हटलं, नाही, वेगळी भाषा आहे. ‘हाँ हाँ, स्पोकन इंग्लिश. सीनियर सिटिझन डिस्काउंट भी है!’ दुसऱ्या ठिकाणी फ्रेंच सुचवली. तिसऱ्याने ठेवूनच दिला.

या शहरात काय मिळत नाही! आणि नेमकं हेच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

नीवची त्यांच्या देशी फुटबॉलची मॅच होती. ओवीला सांभाळायला मी गेले. मैदानावर शंभर-दीडशे आयरिश असतील, बहुतेक शाळामास्तर आणि नर्सेस. चहाच्या टेबलापाशी कागद चिकटवला होता. अबुधाबीत, दर शनिवारी अकरा वाजता, आयरिश, अगदी पहिल्यापासून. मोबाइलमध्ये फोटो काढला. नीट आला की नाही म्हणून दोनदा काढला.

घरी सांगितलं, अबुधाबीच्या सुहासिनीताईंकडे भजन सुरू झालंय, दर शनिवारी जाईन. तन्मय खूश. ‘जा ना आई. गेट आउट ऑफ द हाउस.’ देवाचं नाव घेऊन खोटं बोलले.

२५ जानेवारी, शनिवार

गेले! घरापासून एक बस, मग अबुधाबीची मोठी बस. कॅफेच्या मागे एक खोली, सात माणसं. मास्तरांचं नाव पोरिक. ताडासारखा उंच, कान लाल. सगळ्यांना नावाने हाक मारतो. मला म्हणाला, ‘प्रमिला.’ दचकलेच. मी इथे आई, आजी नाहीतर आंटी. हेसुद्धा ‘अगं’च म्हणायचे. माझं नाव किती दिवसांनी ऐकलं.

शेजारी हलिमा, हैदराबादची नर्स. आयर्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे. ‘आंटी, उधर काम तो इंग्लिश में ही है. पर पेशंट मरते वक्त अपनी ज़बान में बोला तो? किसी को तो समझना चाहिए.’ मग माझ्याकडे वळली, ‘आप क्यों?’

म्हटलं, नातीचे पायमोजे टोचतात म्हणून. ती इतकी हसली की पोरिकने खडू आपटला.

१ फेब्रुवारी

आज शिकवलं — दुःख झालं असं ते म्हणत नाहीत. माझ्यावर दुःख आहे, असं म्हणतात. भूकसुद्धा अंगावर असते. पोरिक म्हणाला, तहानेसारखंच आहे ते, येतं आणि उतरतं.

बसमध्ये सगळा वेळ पुटपुटत होते. माझं उतरत नाही हे त्याला काय सांगणार, आणि कुठल्या शब्दांत.

४ फेब्रुवारी

नीव घरी नव्हती. ओवीला हळूच म्हटलं, ‘तार अनशो.’ म्हणजे इकडे ये. पोरगी टकामका बघत राहिली. मग धावत आली, मांडीत बसली आणि गाल धरून जे काही बोलत सुटली! मला ‘कुत्रा’ आणि ‘मोठा’ एवढंच कळलं. मान हलवत राहिले. तिने काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. ते चुकीचं असावं, कारण ती मांडीवरून उतरून गेली.

रात्री तिने आईला सांगितलंच. नीव मला म्हणाली, ‘ओवी तुम्हाला शिकवतेय! सो स्वीट, आई.’ मी हसले.

८ फेब्रुवारी

क्लास. महिन्यांची नावं, आकडे, घरातली माणसं. वही भरत आली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. नीव तिथेच टेबलाशी बसून तिच्या आईशी फोनवर बोलत होती, नेहमीसारखी, मोठ्याने. मी सवयीने कान दिले, शब्द ओळखायला. ‘ऑगस्ट’ ओळखला. ‘शाळा’, ‘नवी’, ‘घर’. मनात म्हटलं, शाबास प्रमिला! मग तिच्या आईने काही विचारलं असावं. नीव म्हणाली, नाही, तिघं. तन्मय, ओवी आणि मी. मग ‘आई’ हा शब्द, आपला, मराठी. आणि मग, तिला अजून माहीत नाही.

पहिल्यांदाच सबंध वाक्य कळलं मला. मध्ये एक शब्दही सुटला नाही.

पोळी करपली. नीव फोनवरूनच म्हणाली, ‘आई, केअरफुल!’ तिचे डोळे ओले होते. का ओले, तेवढं आयरिश मला येत नाही.

रागावू कशी? दुकानात, लिफ्टमध्ये मी आणि हे तरी काय करायचो! समोरच्या माणसाबद्दल त्याच्यासमोर खुशाल मराठीत बोलायचो. कोणाला कळणार आहे इथे, म्हणून.

तिघं आयर्लंडला राहायला निघालीत, आणि तिकडे म्हाताऱ्या सासूला कायमचं नेणं सोपं नाही, हे मला कळतं. इथला माझा व्हिसा तन्मयच्या नावावर. तो गेला की व्हिसाही खलास. तन्मयला जेवताना सहज विचारलं, ऑगस्टमध्ये काय रे? ताटात बघत म्हणाला, ‘काही नाही गं आई. हॉट असेल. तू मिरजेला काकांकडे जाऊन ये ना. बघू, इन्शाल्ला.’

पोरगा लहानपणी खोटं बोलला की असाच ताटात बघायचा. किती दिवस बघतोय कोण जाणे. माझं लक्ष शब्दांत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी तन्मय आणि नीव दोघंही चहाला असताना सांगितलं, मला आता इथे करमत नाही. मिरजेला कायमची जाऊन राहीन म्हणते. जूनचं तिकीट काढ. तन्मयने ‘का?’ असं विचारलं नाही. नीव उठून आली आणि मला मिठी मारून रडली. मी तिची पाठ थोपटली. मग साडी बदलली, वही पिशवीत टाकली आणि बस पकडून क्लासला गेले.