मस्कतच्या धक्क्यावरच्या टाळ्या

२ मार्च, समुद्रात

…आधी स्टोव्हमध्ये लाकडं सरकवली. मग लापशी चढवली, तव्यावर ओटच्या पिठाच्या भाकऱ्या टाकल्या, हेक्टरच्या थर्मासमध्ये चहा भरला, त्याचे रबरी बूट दाराशी नीट लावून ठेवले. लापशी जराशी लागली होती. त्याने वाडगा भिंतीवर फेकला. मी भिंत पुसली, दुसरा वाडगा भरला. तो खाऊन तो शेवंडांचे सापळे घेऊन बोटीवर गेला. अशी साधी सकाळ. आज इतक्या वर्षांनी का आठवली कोण जाणे. शेजारच्या केबिनमध्ये काहीतरी भिंतीवर आपटलं, त्यामुळे असेल.

हेक्टर, माझा नवरा, जाऊन वर्ष होऊन गेलं. ही जगप्रवासाची बोट आम्ही दोघांसाठी ठरवली होती, म्हणून केबिनमध्ये पलंग दोन आहेत. त्याच्या पलंगावर मी त्याचा स्वेटर घडी करून ठेवते. माणूस रागीट नव्हता. घाईत असायचा.

संकल्प: शेजाऱ्यांच्या भानगडीत पडायचं नाही.

३ मार्च

पडले. पण बोलावणं त्यांच्याकडून आलं. जेवणाच्या टेबलावर बसवलंच आहे एकत्र, काय करणार.

लॉर्न आणि ग्लेंडा. न्यू ब्रन्सविकचे, म्हणजे आमच्या नोव्हा स्कोशियाच्या शेजारचेच. लॉर्न घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचा, आता निवृत्त. दांडगा, हसरा. वेटरच्या पाठीत थाप मारतो. ग्लेंडा एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालते. मी विचारलं तर म्हणाली, हाताला बाथरूमचं दार लागलं. मी म्हटलं, समुद्र हलतो ना. ती म्हणाली, वर्ना, समुद्र आरशासारखा आहे. मी म्हटलं, आतून हलतो.

लॉर्न म्हणाला, म्हातारीला कळतं बघ. मला बरं वाटलं.

४ मार्च

ग्लेंडाने डेकवर गाठलं आणि विचारलं, हेक्टरबरोबर एकेचाळीस वर्षं तू कशी काढलीस? हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पोटच्या पोरांनीसुद्धा नाही.

मी सगळं सांगितलं. आवाज चढला की आपण बोलायचं नाही. काहीतरी खायला पुढे करायचं. जड भांडी खालच्या फळीवर ठेवायची. आणि माणूस शांत असेल असा एखादा छान दिवस ठरवून घडवून आणायचा. ती चर्चमध्ये बसल्यासारखी ऐकत होती. मग म्हणाली, आणि तू सुखी होतीस? मी म्हटलं, अगं, मला वाचायला मिळायचं.

आठवीत शाळा सुटली माझी. पुढचं सगळं फिरत्या वाचनालयाच्या गाडीने शिकवलं. मनाच्या आजारांवरचीही पुस्तकं वाचली आहेत, त्यामुळे मला माणसं कळतात. एक कादंबरी मात्र अर्धीच राहिली. हेक्टरने स्टोव्हमध्ये घातली. लाकडं ओली होती, त्याला कागद हवा होता.

५ मार्च

ठरलं. परवा मस्कत. परवाच त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. मी लॉर्नला म्हटलं, दिवस माझ्यावर सोपवा. तो म्हणाला, सोपवला, पण बायकोला जास्त दुकानं दाखवू नकोस. आम्ही सगळे हसलो. ग्लेंडा जरा उशिरा हसली.

बेत: सकाळी बाजार, मग समुद्रकाठी जेवण, जेवणाला ती दोघंच. मी हळूच निघून येईन. संध्याकाळी डेकवर जागा धरायची आहे. बोट सुटायच्या वेळी उशीर झालेली माणसं धक्क्यावरून धावत येतात आणि आम्ही सगळे वरून टाळ्या वाजवतो. आमच्या बोटीवरची ही सगळ्यात मोठी करमणूक. कोलंबोला दोन जर्मन धावले. एकाच्या हातात अननस होता. हसून हसून पोट दुखलं.

६ मार्च

दुपारी भिंतीपलीकडे धप्प. मग काच. मग बराच वेळ काहीच नाही. मी पुस्तकाचं एकच पान वाचत राहिले.

रात्रीच्या जेवणाला लॉर्न एकटाच. बोटांची सालपटं निघालेली. म्हणाला, कपाट अडकलं होतं. ग्लेंडाचं डोकं दुखतंय म्हणे. मी सूप घेऊन गेले. दार चार बोटं उघडलं. ओठ फाटलेला. दात घासताना लागलं म्हणाली. मी सांगितलं, पाचव्या डेकवर मऊ ब्रश मिळतात. वेळेवर सुचलं मला.

संकल्प: उद्या काहीही झालं तरी आपण हसतमुख राहायचं.

७ मार्च, मस्कत, सकाळ

सुरुवात उत्तम. लॉर्नने ग्लेंडाला बसमध्ये खिडकीची जागा दिली. मी तिला कोपराने ढोसलं, की बघ.

७ मार्च, दुपार

मुत्रहच्या बाजारात थोडी गडबड झाली. एका लोबानच्या दुकानात ग्लेंडा थांबली. दुकानदार सालिम म्हणून, पांढऱ्या दाढीचा, निखाऱ्यावर एकेक खडा टाकून धूर दाखवत होता. हा दक्षिणेकडच्या ढोफारचा, हा त्याहून चांगला. ग्लेंडा डोळे मिटून वास घेत होती. इतक्या दिवसांत तिचे खांदे पहिल्यांदाच खाली आलेले पाहिले. लॉर्न म्हणाला, चल. ती म्हणाली, एकच मिनिट. त्याने तिचं मनगट धरून पिळलं. तिच्या तोंडून आवाज निघाला तो कुत्र्याच्या पिल्लासारखा. धुपाटणं पडलं, निखारे सतरंजीवर.

सालिम निखारे पायाने विझवत मध्ये आला. म्हणाला, भाऊ, माझ्या दुकानात नाही. लॉर्न म्हणाला, माझी बायको आहे. सालिम म्हणाला, दुकान माझं आहे. मग त्याने लॉर्नला बोलत बोलत बाहेर रस्त्यावर नेलं. सालिमची बायको आतून आली, तिने ग्लेंडाला पाणी दिलं आणि पडदा बाजूला करून मागचं दार दाखवलं. पलीकडच्या गल्लीत उघडतं, तिथे माझ्या भावाची गाडी उभी आहे, म्हणाली. पोलिसचौकी, हॉस्पिटल, जिथे म्हणाल तिथे नेईल.

ग्लेंडा त्या दाराकडे बघत उभी राहिली. दोन पावलं टाकलीसुद्धा.

परक्या देशात कुणाच्याही गाडीत कसं बसायचं? आणि आज लग्नाचा वाढदिवस. मी तिचा हात धरला आणि पुढच्या दाराने तिला लॉर्नकडे घेऊन आले. सालिमच्या बायकोला मी समजावलं, की नवराबायको आहेत, उन्हाने होतं असं. तिने ग्लेंडाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग माझ्यासाठीही पाणी आणलं. मला तहान नव्हती.

लॉर्नने माफी मागितली. रस्त्यात, सगळ्यांसमोर. डोळ्यांत पाणी होतं. मी दोघांना समुद्रकाठच्या हॉटेलात बसवलं, त्यांच्यासाठी मासे आणि भात सांगितला आणि ठरल्याप्रमाणे हळूच निघाले. ग्लेंडा म्हणाली, तूही थांब ना. मी म्हटलं, आज तुमचा दिवस.

एकूण दिवस हाताबाहेर गेलेला नाही.

७ मार्च, संध्याकाळ

जमेल तसं लिहिते.

डेकवर कठड्याशी चांगली जागा मिळाली होती. शेवटची बस धक्क्याच्या टोकाला थांबली. दार पुरतं उघडायच्या आत एक बाई उतरून धावत सुटली. एका पायात चप्पल नाही. सगळा डेक ओरडला. कुणी शिट्ट्या मारल्या, बारवाल्याने घंटा वाजवली. मीही टाळ्या वाजवल्या. मग ब्लाउज ओळखला.

मागून लॉर्न. लोक म्हणाले, वा, आजोबा, पळा पळा! माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, बायको जिंकणार बघा. बोटीच्या शिडीपासून वीस पावलांवर त्याने तिला केसांनी धरलं. दोर बांधायचे लोखंडी खुंट असतात धक्क्यावर, त्यावर तिचं तोंड आपटलं. पुन्हा आपटलं. ती खाली पडली तर लाथेने. पुढची रांग गप्प झाली. मागच्यांना दिसत नव्हतं, ते टाळ्या वाजवतच होते. मी वळून त्यांच्यावर ओरडले, बंद करा, बंद करा. एकीने विचारलं, का, पोचली का?

बंदराच्या तीन पोलिसांनी मिळून त्याला खाली पाडलं. धक्क्यावर रक्त होतं, बोटीच्या पोरांनी त्यावर पाण्याची नळी सोडली.

७ मार्च, रात्री आठ

सगळं मार्गी लागतंय. बोट त्यांच्यासाठी थांबली आहे. डॉक्टरांनी ग्लेंडाच्या भुवईला टाके घातले. दोन दात गेले. लॉर्नला बोट परत घेणार नाही, तो पोलिसांकडे. बोटीच्या सुरक्षा अधिकारी बाई तिला म्हणाल्या, तुम्ही बोटीवर राहा, आम्ही सांभाळू. मी म्हटलं, माझ्या केबिनमध्ये पलंग रिकामा आहे. स्वेटर उचलून कपाटात ठेवला. चादर बदलली. उशीशी पाण्याचा ग्लास ठेवला. इथून पुढे सगळं मी बघेन.

७ मार्च, थोड्या वेळाने

ग्लेंडा पलंगावर बसली नाही. स्वतःच्या केबिनमध्ये गेली, बॅग भरली. त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, वस्तरा, जाड मोजे. मी म्हटलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, त्याच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. मी म्हटलं, पोलीस देतील पोचवून. ती म्हणाली, तिथे तो एकटा असेल, त्याला भाषा येत नाही.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, तो जिवे मारेल तुला. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. कुणाच्याही बाबतीत.

तोंड सुजल्यामुळे तिचे शब्द नीट येत नव्हते. म्हणाली, अगं, तूच तर शिकवलंस सगळं. तू एकेचाळीस काढलीस. माझी तर चाळीसच झालीत.

तिने मला हलकेच बाजूला केलं. शिडीवरून उतरताना सुरक्षा अधिकारी तिच्याशी बोलत होत्या, ती मान हलवत होती, नाही, नाही. मग पोलिसांच्या गाडीत बसली. बोट सुटली तेव्हा डेकवर फारसं कुणी नव्हतं.

९ मार्च, समुद्रात

काल काही लिहिलं नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

काल सकाळी मी बोटीच्या ऑफिसमध्ये गेले आणि त्यांच्याकडून न्यू ब्रन्सविकमधल्या मंक्टनला ग्लेंडाच्या मुलीला फोन लावून घेतला. भिंतीपलीकडून जे जे ऐकलं ते तिला सांगितलं. सालिमच्या दुकानातल्या मागच्या दाराचंही सांगितलं, आणि तिथून तिच्या आईला परत कुणी आणलं, तेही. ती म्हणाली, मी विमानाचं बघते. आणि विचारलं, तुम्ही आईच्या कोण?

मी म्हटलं, शेजारच्या केबिनमधली.